पेर्निक की गाब्रोवो?

बल्गेरियात सोफियापलीकडचं काही पाहायचं असेल तर माझं मत आधीच सांगते: जानेवारीत जाणार असाल तर पेर्निक, एरवी गाब्रोवो.

पेर्निक सोफियापासून जेमतेम 30 किलोमीटरवर. 1891 मध्ये इथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि तिच्याभोवती शहर वाढलं. जुन्या बोगद्यातच आता खाणकामाचं संग्रहालय आहे. शहर देखणं नाही, हे खरं. पण 13 जानेवारीच्या रात्री आसपासच्या गावांत चौकाचौकांत शेकोट्या पेटतात आणि पिसं, कातडी, लाकूड यांचे मुखवटे चढवलेले ‘सुरवाकारी’ कमरेला जड घंटा बांधून नाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते घरोघर फिरतात. सोबत सोंगातले नवरानवरी, पाद्री आणि अस्वलही! जुन्या कॅलेंडरप्रमाणे हे नववर्ष. 2015 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा यादीत घेतलं. शहरातला ‘सुर्वा’ महोत्सव महिनाअखेरीस असतो, त्यालाही प्रचंड गर्दी होते. मला मात्र गावातली रात्रच जास्त भावते, कारण तिथे प्रेक्षक आणि सोंगाडे एकाच अंगणात असतात.

गाब्रोवो म्हणजे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं, ‘बल्गेरियाचं मँचेस्टर’ म्हणवलं जाणारं गाव. जवळचं एतर हे 1964 पासूनचं खुलं संग्रहालय. ओढ्याच्या पाण्यावर तिथे करवत चालते, गोंडे-किनारीची दोरी विणली जाते, भोवऱ्यात घोंगड्या धुतल्या जातात. मुलं सोबत असतील तर दुसरा विचारच नको.