चखन्यासोबत, जेवणासोबत की जेवणाऐवजी?

मद्य घ्यायचेच ठरवलेल्या माणसापुढे आहाराच्या दृष्टीने तीन वाटा असतात. यांत न घेण्याचा पर्याय मी धरलेला नाही, कारण तोच सर्वांत निर्धोक आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्याकडची रूढ वाट चखन्याची. एका ग्रॅम मद्यार्कात ७ किलोकॅलरी असतात, म्हणजे ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण १४० किलोकॅलरी, जवळपास ४० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीइतक्या. मात्र भाकरीतली प्रथिने, तंतू आणि लोह त्यात नसते. ही ऊर्जा पोटात गेली तरी भूक तेवढ्याने कमी होत नाही, उलट पहिल्या पेगनंतर हात शेव, फरसाण आणि खाऱ्या शेंगदाण्यांकडे अधिक जातो. अकरा वाजता ताट समोर येते तेव्हा भाजी आणि वरण तसेच उरते. चखना हवाच असेल, तर उकडलेली अंडी, मोडाची मटकी आणि काकडी अधिक बरी. (बिअर हलकी असते, असे म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा: आठ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत दोन लार्ज पेगांइतका मद्यार्क असतो.)

जेवणासोबत घेतल्यास मद्य जठरात अधिक वेळ थांबते आणि ते मुख्यतः जिथे शोषले जाते त्या लहान आतड्यात हळूहळू उतरते, त्यामुळे रक्तातील पातळी एकदम चढत नाही. शिवाय वरण-भात खरोखर खाल्ला जातो. कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात आणि यकृतालाही तेवढाच मद्यार्क पचवावा लागतो. तरीही दोहोंत निवडायचे झाल्यास मी हीच पद्धत निवडेन.

तिसरी वाट, ‘आज प्यायलो, म्हणून पोळी नको’ ही, हिशेबी वाटते पण सर्वांत वाईट आहे. थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो आणि मद्य त्याच्या शोषणातही अडथळा आणते. रोज पिणाऱ्याने जेवण सोडत राहिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या मधुमेहींना तर एकच रात्र पुरते: मद्यामुळे यकृताची नवी साखर तयार करण्याची क्रिया मंदावते, पोट रिकामे असते, रक्तातील साखर घसरते, आणि घाम, थरथर व अडखळती जीभ पाहून घरचे म्हणतात, ‘चढली आहे, झोपू द्या.’