श्रीमंत गिऱ्हाईक मिळवून देतो म्हणाले: 58,250 रुपये गेले, वर 14 डायऱ्या

लाज वाटते लिहायला. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, इथे सांगते. 18,500 रजिस्ट्रेशन, 27,000 फोटोशूट आणि 'क्युरेशन', 12,750 डिपॉझिट, आणि सॅम्पल म्हणून 14 डायऱ्या, एकीला 2,400 धरले तर 33,600. सगळे मिळून 91,850.

मी घरी हाताने शिवलेल्या लेदरच्या डायऱ्या बनवते, एकीला तीन दिवस लागतात. भाव सांगितला की नेहमीचे लोक म्हणतात एवढ्यात डझनभर येतील. म्हणून पैसेवाले गिऱ्हाईक हवं होतं, यात काय चुकलं माझं? तेवढ्यात जाहिरात दिसली, निवडक घरगुती व्यावसायिकांसाठी एचएनआय, म्हणजे गडगंज श्रीमंत, लोकांचा खासगी प्रिव्ह्यू, फक्त 20 स्टॉल, एंट्री इन्व्हिटेशननेच. फोन केला तर पलीकडची बाई मला ताई म्हणाली नाही, मॅडम नाही, पहिल्याच वाक्यात 'डिअर'.

आणि खरं सांगते, ती बोलत होती त्यातलं निम्मं बरोबर होतं, तिथेच मी फसले. डिस्काउंट लावू नको, श्रीमंत माणूस स्वस्त बघून उलट दचकतो. भाव विचारायला मेसेज करा असलं पोस्टखाली लिहू नको. असे लोक जाहिरात बघून येत नाहीत, कोणाच्या तरी ओळखीने येतात. हे सगळं मला अनुभवाने माहीत होतं, माझ्या तीन चांगल्या ऑर्डरी एका इंटिरियर डिझायनरकडूनच आलेल्या. त्यामुळे वाटलं हिला धंदा कळतो. कळतच होता की, तिचा.

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. 27,000 पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, कोणा भलत्याच माणसाचं नाव आलं. मी थांबले. विचारलंही! म्हणाली आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीचं ऑडिटमध्ये अडकलंय, आणि डिअर, दोनच स्टॉल उरलेत. हाताला बाइंडिंगचा डिंक लागलेला होता, फोन बोटाचा ठसाच घेईना, दोनदा लाल झाला. फोन नाही म्हणत होता हो! मी बोट ओढणीला पुसलं, तरी घेईना, मग पिन टाकून पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असेल तर तिथेच फोन खाली ठेवा, कारण कितीही गोड असू दे.

मी काही अडाणी नाही. वेबसाइट बघितली होती, फॉलोअर 40 हजारांच्या वर होते, गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे फोटो होते झुंबरासकट. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कधी रजिस्टर झालंय ते बघायचं सुचलं नाही, नंतर बघितलं तर पाच आठवड्यांचं! पाच आठवड्यांच्या वेबसाइटवर गेल्या वर्षीचे फोटो. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या माहितीत अकाउंट कधी उघडलं, आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं, हिने चारदा बदललेलं. झुंबराचा फोटो गुगलवर टाकून शोधला तर तो भलत्याच हॉलचा निघाला.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन बॅगा घेऊन हॉटेलच्या रिसेप्शनला उभी, तो मुलगा रजिस्टर उलटसुलट बघतोय, असं बुकिंगच नाही. माझ्यासारख्या अजून तिघी आल्या, एकीने तर लाइटचे स्टँडपण आणलेले. चौघी एकमेकींकडे बघतोय, मेसेजवर एकच टिक. हॉटेलला आधी एक फोन केला असता तर? नंबर स्वतः शोधून करायचा बरं का, त्यांनी दिलेल्या नंबरवर त्यांचाच माणूस बसलेला असतो.

मग सुरू झाली दुसरी वरात. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार. पोलीस म्हणाले स्टॉलचे पैसे भरले, कार्यक्रम झाला नाही, हे दिवाणी प्रकरण आहे. सायबरवाल्यांकडे गेले तर ते म्हणे माल कुरिअरने दिलाय, आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा. चॅटच्या 43 पानांच्या प्रिंट काढल्या, साहेबांनी पहिलं पान बघितलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. एक हवालदार तर विचारतो, ताई, 2,400 ची डायरी घेतं कोण? पैसे गेले त्यापेक्षा हे जास्त लागलं मला. चार फेऱ्यांनंतर अर्जाची पोच मिळाली, गुन्हा अजून नोंदलेला नाही. तुमचं असं झालं तर चौकशा करत बसू नका, त्याच तासात बँकेला फोन करून पैसे थांबवायला सांगा, लेखीपण द्या, मी तीन दिवस 'नेटवर्क नसेल तिचं' म्हणत बसले.

आणि पैसेवाल्या गिऱ्हाइकांची यादी विकतो म्हणणाऱ्यालाही दारात उभं करू नका. ज्याच्याकडे खरंच अशा ओळखी आहेत तो त्या विकत बसत नाही. विक्रीवर कमिशन घे म्हणावं, बघा कसा गप्प होतो. सॅम्पल सही-शिक्क्याच्या पावतीशिवाय देऊ नका. परत मिळणारं डिपॉझिट हे शब्द दिसले तर पैसे गेले समजा.

परवा एका मैत्रिणीने जाहिरात पाठवली. नवीन नाव, तेच झुंबर, आणि खाली 'आमच्या पार्टिसिपंट्सची कला' म्हणून मरून डायरीचा फोटो. माझीच. कोपऱ्यातला एक टाका वाकडा गेलेला, घाईत तशीच दिली होती, लगेच ओळखली. रिपोर्ट केलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.