नंबर भरून ‘स्टारी नाइट’: किट चांगलं आहे, पण आकाश नंबरांवर सोडू नका

नंबर बघून रंग भरायच्या किटमध्ये डच चित्रकार व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ हमखास असतं. हा रिव्ह्यू 40 × 50 सेंमी कॅनव्हास, 24 डब्या अ‍ॅक्रिलिक आणि 3 नायलॉन ब्रश असलेल्या किटचा.

माप अगदी योग्य. 1889 च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवलेलं मूळ चित्र 73.7 × 92.1 सेंमीचं आहे, म्हणजे जवळजवळ 4:5. किटचं प्रमाणही तेच, त्यामुळे चित्र कापलेलं किंवा ताणलेलं नाही. रेखाटन नेमकं आहे: चर्चचा मनोरा डोंगराची रेघ ओलांडून वर जातो, सायप्रसचं उंच झाड जवळजवळ वरच्या कडेपर्यंत पोचतं.

बिघडतं ते आकाश. मूळ चित्रात निळा रंग सुट्या, जाड फटकाऱ्यांनी लावलाय आणि दोन फटकाऱ्यांमधून जागोजागी कॅनव्हास दिसतो. किट त्याच आकाशाचे बंद तुकडे पाडतं. ते कडेपर्यंत सपाट भरले की मधला भोवरा जागच्या जागी थिजतो. म्हणून रंग उघडण्याआधी मूळ चित्राचा मोठा फोटो समोर ठेवून प्रत्येक पट्ट्यात पेन्सिलीने बाण काढा: भोवऱ्यात वळणाबरोबर, ताऱ्यांभोवती गोल, सायप्रसमध्ये खालून वर. मग एका बाणावर एकच फटकारा, आणि परत त्यावर ब्रश फिरवायचा नाही.

डब्यांमधला रंग पातळ आहे, ब्रशची खूण त्यात टिकत नाही. हेवी जेल मीडियम (रंग घट्ट करणारं जेल) निम्मं-निम्मं मिसळा आणि हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) 4 व 6 नंबरचे चपटे ब्रश वेगळे घ्या. नायलॉनचे ब्रश फक्त घरांच्या गडद बाह्यरेषांना ठीक. जेल ओलं असताना दुधट दिसतं, वाळल्यावर छटा गडद होते. आधी कागदावर लावून बघा.

पिवळा ही दुसरी अडचण. तो पारदर्शक असल्याने छापील आकडा खालून दिसत राहतो. चंद्र आणि ताऱ्यांच्या जागी आधी पांढऱ्याचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच पिवळा. ओल्या निळ्याला टेकला तर हिरवट होतो, त्यामुळे वलयं आतून बाहेर नेताना प्रत्येक वलयाला ब्रश धुऊन पुसा. सायप्रस सरसकट काळ्याने भरू नका, चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. गडद हिरवा, तपकिरी आणि थोडा निळा आलटून पालटून ओढा.

घडी घातलेला कॅनव्हास आला तर रंगवण्याआधी मागून, मध्ये कापड ठेवून, मंद इस्त्री करा. जमलं तर फ्रेमवर ताणलेलाच मागवा. जाड रंग लावलेला कॅनव्हास पुन्हा गुंडाळला तर रंगाला तडे जाऊ शकतात.

रेखाटनाला 5 पैकी 4, रंगांना 3, ब्रशना 1.