नाडीच्या पिशवीचं विणकाम किट: सूत झकास, बाकी असंतसं

आधीच सांगून टाकते, सूत चांगलं आहे. पूर्ण कॉटन, हातात जडशीळ लागते, उगाच चकाकत नाही. ज्यांना एवढंच ऐकायचं होतं त्यांनी इथंच थांबलं तरी चालते, कारण पुढं मी जरा भांडणार आहे.

किटमधी येते काय तर शंभर ग्रॅमचा सुताचा गोळा, बांबूच्या दोन सुया, शिवायला मोठ्या नेढ्याची एक सुई आणि विणायची रीत लिहिलेला इंग्रजी कागद. भाव साडेचारशेच्या आसपास. आमच्या गावचा पिनकोड टाकला की डिलिव्हरी नाही म्हणते, म्हणून हिंगणघाटला भाच्याच्या पत्त्यावर बोलावलं, तो शनिवारी येताना घेऊन आला. आता गंमत पाहा, वावरात पऱ्हाटी उभी, अंगणात कापसाचं गाठोडं पडलेलं, आणि कॉटनचं सूत पार्सलमधून येऊन राहिलं! तालुक्याच्या दुकानात विचारलं तर लोकरच मिळते, तीही लोकर कसली, अॅक्रेलिक. स्वेटर-टोपीला ठीक आहे, पण पिशवीत जरा वजन पडलं की ते लोंबते. कॉटनही थोडं ताणते, पण अॅक्रेलिकसारखं रबरी होत नाही. जावेनं सुचवलं की वर्ध्याहून खादीचं सूत आण. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे ना, गांधीजींनी १९३८ मधी उद्घाटन केलेलं, तिथं चरखे पाहून तिच्या डोक्यात आलं असेल. पण चरख्याचं सूत लय बारीक, ते मागावर जाते, सुयांवर विणायचं तर कितीतरी पदर एकत्र पिळावे लागतील. कोण करते ते.

आता सुया. टोकं तासलेलीच नाहीत नीट. प्रत्येक टाक्याला सुताचा एखादा धागा टोकात अडकून उसवते आणि टाका अर्धा सुईवर अर्धा बाहेर. त्यात कापूस वेचणीचे दिवस, बोंडांनी बोटं आधीच चिरलेली, म्हणजे सूत सुईलाही अडकते न् बोटालाही. ह्यांनी पॉलिश पेपर आणून दिला, त्यानं घासल्या न् वरून मेण लावलं तेव्हा कुठं चालल्या. साडेचारशे रुपये घेऊन घासायचं काम गिऱ्हाईकानंच करायचं काहून?

कागदाचा राग मात्र अजून गेला नाही. त्यावर सुई ८ नंबरची लिहिली आहे, आणि किटमधली सुई आहे ५ मिलिमीटरची. अमेरिकेच्या हिशोबानं ८ म्हणजे ५ मिलिमीटर, बरोबर आहे. पण आपल्याकडं दुकानात ८ नंबर मागितला की ४ मिलिमीटरची देतात, आपल्याकडं नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, तिकडं उलटं. एखादीची सुई मोडली न् तिनं दुकानातून ८ नंबर आणली तर पिशवीचं मापच बदलते, आणि कागदावर ह्याचा एक शब्द नाही. तसं माझं म्हणणं आपली ८ नंबरच घ्या. ५ मिलिमीटरवर वीण एवढी सैल येते की रुपयाचं नाणं कडेनं डोकं बाहेर काढते.

दुसरं त्याहून भारी. ६६ टाके टाकायचे, वर नाडीसाठी एक जाळीची ओळ, चार सुलट, सूत पुढं, दोन एकत्र, असं शेवटपर्यंत. म्हणजे सहा-सहा टाक्यांचे ११ घर, घराला एक भोक, भोकं ११. आता नाडी ओवून पाहा. बाहेरून पहिल्या भोकात आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यात आत, असं करत अकराव्यात नाडी आत जाते न् तिथंच राहते. एक टोक बाहेर, एक टोक पिशवीच्या पोटात, ओढता काय कपाळ! भोकं समच पाहिजेत. ७२ टाके घ्या, १२ भोकं येतात, दोन्ही टोकं बाहेर. ज्यानं हा कागद लिहिला त्यानं ही पिशवी विणलीच नसेल, मी लिहून देते.

तसंच काठाचं. पिशवी वरच्या काठापासून खाली विणायची, आणि कागदात पहिल्या ओळीपासून एक ओळ सुलट एक उलट, आणि तसं विणलं की वरचा काठ गुंडाळी होऊन खाली येते. सुरुवातीच्या सहा ओळी दोन्हीकडून सुलटच विणा, काठ सरळ बसते. मग उलट-सुलट दोनेक इंच, मग जाळीची ओळ, मग खाली नऊ इंचापर्यंत साधं. बंद करायचं, घडी घालून तळ आणि एक बाजू शिवायची, झालं. अवघड काहीच नाही, सुलट-उलट येणारी कोणीही करते. गोळा अर्ध्याहून थोडा जास्त लागते, बाकीच्यात छोटी पिशवी निघते.

अस्तर टाकाच. ओटीत आलेले ब्लाउजपीस सगळ्यांच्याच पेटीत पडून असतात, त्यातला एक काढा. अस्तर असलं की पिशवी लोंबत नाही न् सुपारीची खांडं बाहेर येत नाहीत. सासूबाईंनी माझ्या हातातून घेतली न् पान-सुपारी-चुन्याची डबी सगळं त्यात घालून कमरेला खोचली, मला काही परत मिळाली नाही. नाडी किटमधी विणायला सांगतात, पण परकराची तयार नाडी जास्त सरकते, मी तीच टाकली.

पाचपैकी तीन तारे, तेही सुताचे. जिथून किट बोलावलं तिथंच नुसता गोळा वेगळा मिळते, सुया तालुक्याच्या दुकानातून स्टीलच्या घ्या, किटच्या अर्ध्या पैशात काम होते. फक्त लाल रंग घेऊ नका, घेतला तर पहिले दोन-तीन वेळ वेगळी बादली करा. आमच्या इथं बनियान गुलाबी झालं, आणि ज्याचं झालं त्यानं ते घालून ग्रामपंचायतीत जायला साफ नकार दिला.