उपग्रहावरून जंगलाचा कार्बन मोजून देणारी सेवा : सातपुड्याच्या पायथ्याहून अभिप्राय

यावल तालुक्यातील आमच्या गावाकडे सामूहिक वनहक्काचे जंगल आहे. त्यात किती कार्बन साठला आहे, याचा अहवाल समितीने एका खासगी कंपनीकडून करून घेतला. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमा आणि अंतराळ स्थानकावरील ‘गेडी’ या लेसर उपकरणाने मोजलेली झाडांची उंची हा त्याचा आधार आहे.

हद्दीचा नकाशा आणि वर्षागणिक झालेला बदल हा भाग समाधानकारक आहे. वणव्याने जळालेले पट्टे बिनचूक दिसतात. मात्र पहिल्या मसुद्यात एप्रिलची प्रतिमा वापरल्यामुळे पानगळ झालेला साग विरळ ठरला आणि पायथ्याच्या केळीच्या बागा दाट झाडी म्हणून मोजल्या गेल्या. (केळीला इतका मान जळगावच्या बाजारातही मिळत नाही.) चूक दाखवताच कंपनीने नोव्हेंबरच्या प्रतिमेवरून नकाशा सुधारून दिला, हे नमूद केले पाहिजे.

साठ्याच्या आकड्यावर मात्र तेवढा विश्वास ठेवता येत नाही. गेडीच्या लेसरचा जमिनीवर पडणारा ठिपका सुमारे २५ मीटर व्यासाचा असतो आणि त्याच्या शेजारशेजारच्या ओळींत सुमारे ६०० मीटर अंतर राहते, म्हणजे मधले जंगल गणिताने भरले जाते. शिवाय उंची कळली तरी लाकडाचा जडपणा कळत नाही. सालईचे लाकूड हलके, तर अंजनाचे पाण्यात बुडणारे, तरीही अहवालात सारख्या उंचीच्या दोन्ही झाडांचा जैवभार (कोरडे वजन) सारखाच धरला आहे. नमुना भूखंड आखून छातीच्या उंचीवर झाडांचे घेर मोजणे या सेवेत समाविष्टच नाही.

सर्वांत गंभीर दोष कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे टाळलेल्या किंवा शोषलेल्या एक टन कार्बन डायऑक्साइडमागे मिळणाऱ्या विक्रीयोग्य प्रमाणपत्राच्या, पानावर आहे. १०० टन कोरड्या जैवभारात सुमारे ४७ टन कार्बन, म्हणजे साधारण १७२ टन कार्बन डायऑक्साइड, हा हिशेब योग्य आहे. परंतु कंपनीने सगळा उभा साठाच टनामागे एक क्रेडिट धरून विकाऊ दाखवला आहे. प्रत्यक्षात क्रेडिट मिळते ते प्रकल्पामुळे, आधाररेषेच्या (प्रकल्प नसता तर जे घडले असते त्या अंदाजाच्या) तुलनेत, जी भर पडते किंवा जी हानी टळते तिचेच.

शुल्क हेक्टरमागे आकारले जात असल्याने ग्रामसभांनी नकाशाचा भाग जरूर घ्यावा, नमुना भूखंडांची अट आधी लिहून घ्यावी आणि आधाररेषा ठरेपर्यंत क्रेडिटचे पान कोणत्याही कराराला जोडू देऊ नये.