लान्सारोतेत एकच दिवस आहे: तिमानफाया की वेर्देसची गुहा?

लान्सारोते हे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. क्रूझ तिथल्या अरेसिफे बंदराला सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. तेवढ्यात नैऋत्येला तिमानफायाचे ज्वालामुखी बघायचे, की उत्तरेची कुएवा दे लोस वेर्देस ही लाव्हाची गुहा? बेट लहान आहे, एका दिवसात दोन्ही उरकता येतात. पण मग उरकल्यासारखीच होतात.

भव्यतेत तिमानफायाला तोड नाही, हे आधीच कबूल. १ सप्टेंबर १७३० ला जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत लाव्हा थांबून थांबून वाहत राहिला. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा, गावं आणि शेतांसकट, त्याखाली गेला. आत अजून धग आहे. तिथले कर्मचारी खड्ड्यात वाळकं झुडूप टाकतात, ते आपोआप पेटतं. जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात, की क्षणात वाफेचा फवारा उसळतो. मुलं तिथून हलायला तयार नसतात. शेजारच्या हॉटेलात याच धगीवर कोंबडी भाजतात. शाकाहारी मंडळींनी बेटावर कुठेही मिठात उकडलेले छोटे बटाटे आणि लाल मोहो सॉस मागवावा. तो चवीला आपल्या लसणाच्या चटणीच्या बराच जवळ जातो.

माझं घोडं अडलं ते बसपाशी. ज्वालामुखींमधून जाणारा १४ किलोमीटरचा रस्ता बसमधूनच बघायचा, मध्ये कुठेही उतरायचं नाही. नियम योग्यच आहे. त्या खडकावर अजून जेमतेम दगडफूल धरतंय, रोज हजार पावलं पडली तर तेही राहणार नाही. पटतं सगळं, तरी चिडचिड व्हायची ती होतेच. खिडकीची जागा मिळाली नाही तर शेजाऱ्याच्या खांद्यावरून बघायचं. मिळाली तर प्रत्येक फोटोत काचेवर आपलाच मोबाइल. आपण साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या कातळावर वाढलेली माणसं. समोर तोच दगड, जेमतेम तीनशे वर्षांचा, आणि त्याला हातही लावता येत नाही! मला तरी ते फार लागलं.

गुहेत हा दुरावा नाही. ला कोरोना ज्वालामुखीचा लाव्हा समुद्राकडे वाहताना वरून थिजला, आतून वाहत राहिला आणि शेवटी निघून गेला. मागे राहिली ती सहा किलोमीटरहून लांब नळी, शिवाय समुद्राखालीही सुमारे दीड किलोमीटर गेलेली. त्यातला एखादा किलोमीटर गाइडबरोबर चालायचा. लाव्हाची पातळी जिथे जिथे टेकली, तिथे भिंतींवर आडव्या कडा उमटल्यात. छतावरून ओघळता ओघळता थिजलेले थेंब अजून लटकताहेत. लोखंडामुळे दगडाला तांबूस छटा आहेत. १९६४ मध्ये कलाकार हेसूस सोतो यांनी केलेली प्रकाशयोजनाही संयमाची, उगाच रंगीबेरंगी नाही. समुद्री चाचे आले की इथले लोक याच पोटात लपायचे. शेवटी एक गंमत आहे. ती मी सांगत नाही, तुम्हीही आधी नेटवर शोधू नका.

काही ठिकाणी चांगलंच वाकावं लागतं. गुडघे किंवा कंबर कुरकुरत असेल, तर तिमानफायाची बस ही अडचण नसून सोयच आहे. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर मीही तिकडेच जाईन.

बाकीच्यांनी माझ्या मते उत्तरेची, गुहेची वाट धरावी. त्याच नळीचा समुद्राजवळचा तुकडा म्हणजे हामेओस देल आग्वा. तिथल्या खाऱ्या पाण्यात जेमतेम सेंटिमीटरभर, पांढरे, आंधळे खेकडे दिसतात. आणि ज्वालामुखीत शिरायची हौस उरलीच, तर ला हेरियाच्या द्राक्षमळ्यांपासून जवळच काल्देरा दे लोस कुएर्वोस आहे. तेही १७३० चंच अपत्य. एक बाजू फुटलेली असल्यामुळे सपाट वाटेने थेट विवराच्या आत चालत जाता येतं. तिकीट नाही, बस नाही. फक्त बूट घाला, काळी खडी चपलेत शिरते. आणि टोपी हातात धरा, वारा भलता असतो.