अंगणातली तेलाची टाकी गळली: माती खोदायची, जागेवरच उपचार करायचे की तशीच ठेवायची?

न्यू जर्सीत जुनं घर बघत फिरणाऱ्या मराठी माणसाला शाळांचं रेटिंग, स्टेशनचं अंतर आणि प्रॉपर्टी टॅक्स तोंडपाठ असतो. अंगणाखाली काय पुरलंय हे मात्र इन्स्पेक्शनच्या दिवशी कळतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत इथे बांधलेल्या कितीतरी घरांची भट्टी तेलावर चालायची आणि तेलाची लोखंडी टाकी, साधारण ५५० किंवा १,००० गॅलनची, अंगणात पुरलेली असायची. पुढे रस्त्यावर गॅसची लाइन आली, भट्टी बदलली आणि टाकी विसरली गेली. तळघराच्या भिंतीतून डोकावणाऱ्या, टोकं चेपून बंद केलेल्या तांब्याच्या दोन बारीक नळ्या दिसल्या की समजायचं. बाहेर भिंतीलगत उगाच उभा असलेला लोखंडी पाइपही तेच सांगतो.

आता धरून चालू की टाकी सापडली, रिकामी करून वर काढली आणि तिच्या पोटाला भोकं निघाली. ही भोकं लगेच दिसत नाहीत, ओल्या चिकणमातीने आणि गंजाने बुजलेली असतात. खरवडलं की टाचणीच्या डोक्याएवढे छेद एका ओळीत दिसू लागतात. गळती दिसली की राज्याच्या पर्यावरण खात्याला, म्हणजे डीईपीला, लगेच कळवावं लागतं. तिथे मर्जीचा प्रश्न नाही. पुढे काय करायचं, यात मात्र निवड आहे.

निवड करण्याआधी तेलाची जात बघा. घर तापवायचं ‘नंबर टू’ तेल हे डिझेलच्या कुळातलं. पेट्रोलसारखं ते चटकन उडून जात नाही, मातीच्या कणांना धरून बसतं. त्यामुळे पेट्रोल पंपांच्या जागी वापरतात ती जमिनीतून वाफ शोषून घ्यायची पद्धत इथे फारशी उपयोगाची नाही. पंपांची सफाई करणारी कंपनी तेच यंत्र तुमच्या अंगणात लावू म्हणाली, तर या तेलावर ते कसं चालेल हे आधी विचारा. तेलाच्या या स्वभावाची दुसरी बाजूही आहे. कॅन्सरला कारण ठरणारं बेंझीन यात पेट्रोलच्या मानाने फारच कमी असतं. प्रयोगशाळेत मातीतलं एकूण तेल मोजतात आणि ते जास्त भरलं तर काही नमुन्यांत तेलातलं नॅप्थलीन हे रसायनही तपासतात. राहत्या घराच्या जमिनीसाठी न्यू जर्सीची मर्यादा किलोमागे पाच हजार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. याचा अर्थ, थोडं तेल मातीत राहिलं तरी कागदोपत्री जमीन स्वच्छ ठरू शकते. वासाला घाबरून लोक गरजेपेक्षा जास्त खोदतात, तेव्हा हा आकडा आठवावा.

पहिला मार्ग म्हणजे खोदून, ट्रकात भरून न्यायचं. सगळ्यात रांगडा आणि माझ्या मते दहातल्या आठ घरांसाठी योग्य. आधी ८११ ला फोन करून गॅस, पाणी, विजेच्या लाइनींच्या खुणा करून घ्यायच्या, नगरपालिकेची परवानगी काढायची आणि मग खड्डा. खर्च कुठे वाढतो ते बघा: वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट खोल खड्डा म्हणजे सुमारे ७४ घनयार्ड माती, वजनात शंभर टनांहून जास्त, म्हणजे वीस टनांचे पाच-सहा ट्रक. बिल टनावर लागतं आणि तेवढीच स्वच्छ माती विकत आणून भरावी लागते, ती वेगळी. गळती नसलेली टाकी काढणं काही हजार डॉलरमध्ये आटपतं. माती काढायची वेळ आली की दहा हजार पटकन ओलांडले जातात, आणि तेल भूजलापर्यंत गेलं असेल तर आकडा कुठे थांबेल हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

एवढे पैसे देऊन हातात काय पडतं? काम काही दिवसांत संपतं. खड्ड्याच्या तळाचे आणि चारी बाजूंचे नमुने प्रयोगशाळेत जातात, ट्रकांच्या वजनाच्या पावत्या फायलीला लागतात आणि डीईपीकडून ‘नो फर्दर ॲक्शन’चं, म्हणजे आता आणखी काही करायला नको असं सांगणारं पत्र मिळण्याचा रस्ता सरळ होतो. खरं तर हे पैसे तुम्ही त्या पत्रासाठीच मोजत असता. उद्या घर विकताना समोरच्याचा वकील माती हुंगायला येत नाही, तो पत्र मागतो. घरमालकाला यासाठी परवानाधारक ‘सबसरफेस इव्हॅल्युएटर’, म्हणजे जमिनीखालची गळती तपासणारा माणूस चालतो. २००९ च्या कायद्याने आलेला महागडा एलएसआरपी, म्हणजे दूषित जागांच्या सफाईवर देखरेख करणारा परवानाधारक तज्ज्ञ, साध्या प्रकरणात लागत नाही.

अडचण येते ती तेल घराच्या पायाखाली सरकलं की. खोदकाम पायाच्या खाली गेलं की आधी घराला टेकू द्यावा लागतो, लोखंडी स्क्रू-खांब घालावे लागतात आणि मातीपेक्षा टेकूचं बिल मोठं होतं. एडिसनच्या बाजूला चिकणमातीखाली लागणारा लालसर शेल खडकही कटकटीचा. त्याच्या भेगांतून तेल खाली उतरतं आणि तिथे खोदयंत्राची बकेट फारशी पोचत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जागेवरच उपचार. यात दोन प्रकार. एक, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परसल्फेटसारखी रसायनं नळ्यांतून जमिनीत सोडून तेल जाळल्यासारखं मोडायचं. दोन, मातीतल्या जीवाणूंना हवा, नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरवून तेल त्यांच्याकडून खाववायचं. दुसरा प्रकार ऐकायला फार गोड वाटतो आणि डिझेलच्या कुळातल्या तेलावर तो चालतोही. पण तो वाळूत चालतो. दक्षिण जर्सीच्या वाळूत हवा आणि औषध पसरतं. उत्तरेकडच्या घट्ट चिकणमातीत ते मिळेल त्या फटीतून निघून जातं आणि तेलाचे गोळे शेजारीच तसेच राहतात. शिवाय दहा फुटांवरची माती बाराही महिने थंडगार असते, त्यामुळे जीवाणूंचं काम महिन्यांच्या नाही, अनेकदा वर्षांच्या हिशोबाने चालतं. रसायनं त्या मानाने झटपट, पण पेरॉक्साइडची प्रक्रिया उष्णता आणि वायू सोडते, आणि तळघराच्या भिंतीलगत, जुन्या पाइपांच्या शेजारी ते मला तरी धोक्याचं वाटतं. महिन्याभराने घेतलेला नमुना चांगला येतो आणि सहा महिन्यांनी मातीतून सुटलेलं तेल आकडा पुन्हा वर नेतं, हाही नेहमीचा प्रकार. म्हणून कोटेशनमध्ये ‘एक फेरी’ लिहिलेली असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा दर तिथेच लिहून घ्या.

तरीही पायाखाली अडकलेल्या तेलासाठी हाच मार्ग उरतो. बाहेरची मोकळी माती खोदून न्यायची आणि पायाखालच्या उरलेल्या तेलावर खड्डा बुजवण्याआधी औषध सोडायचं, ही जोडगोळी मला सगळ्यात व्यवहारी वाटते.

तिसरा मार्ग, माती जागेवर सोडून द्यायची. नमुने मर्यादेच्या आत असतील तर काही बिघडत नाही, पत्र मिळतं, झोप लागते. मर्यादेच्या वर असतील तर मात्र जमिनीच्या कागदावर ‘डीड नोटिस’, म्हणजे खाली तेल राहिल्याची नोंद चढते, वर फरसबंदीसारखं झाकण ठेवावं लागतं आणि दर दोन वर्षांनी ते शाबूत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कारखान्याला हे परवडतं. राहत्या घराला ही कायमची वर्गणी आहे आणि विकताना गिऱ्हाईक त्या ओळीवरच अडतं. विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरांत, हंटरडन काउंटीच्या बाजूला अशी बरीच आहेत, हा मार्ग मनातसुद्धा आणू नका. टाकी न काढता आत वाळू किंवा फोम भरून बुजवणं हाही याचाच भाऊबंद. वर खोली वाढवलेली असेल तर इलाज नाही, पण एरवी टाकीच्या पोटाखालची माती तपासायची संधी त्यात हुकते.

घर अजून घेतलेलं नसेल, तर निवड आणखी सोपी आहे: विक्रेत्याने क्लोजिंगआधी, म्हणजे घर तुमच्या नावावर होण्याआधी, खोदून पत्र आणावं. करारानंतर वकिलाच्या तपासणीसाठी मिळणाऱ्या तीन कामकाजी दिवसांत ही अट घालून घ्या. पत्र यायला वेळ लागत असेल तर विक्रेत्याचे काही पैसे एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यात, अडकवा, आणि रक्कम अंदाजपत्रकापेक्षा बरीच मोठी धरा. ‘भाव कमी करतो, टाकीचं तुम्ही बघून घ्या’ या ऑफरला भुलू नका. राज्याच्या १९७६ च्या स्पिल ॲक्टखाली, म्हणजे गळतीच्या जबाबदारीच्या कायद्याखाली, चौकशी न करता घर घेणाऱ्याच्याही गळ्यात जबाबदारी पडू शकते. आधीच घेऊन बसला असाल तर थोडा दिलासा आहे. मॉरिसटाऊनमधल्या एका ड्रायक्लीनरच्या तेल-टाकीच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की सफाईच्या खर्चात दुसऱ्या जबाबदारांकडून वाटा मागायला सहा वर्षांची मुदत लागू होत नाही. म्हणजे टाकी वापरणाऱ्या जुन्या मालकाकडे जाता येतं, तो सापडला आणि त्याच्याकडे पैसे असले तर.

कंत्राटदाराशी सही करताना तीन ओळी वाचून बघा. टनाचा दर लिहिलाय का, ठरल्यापेक्षा जास्त टन भरले तर तुम्हाला विचारल्याशिवाय काम पुढे जाणार नाही असं आहे का, आणि शेवटचा हप्ता ट्रक गेल्यावर द्यायचा आहे की पत्र आल्यावर. शेवटचा हप्ता पत्राशी बांधायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नका.